पुलाचं अलीकडचं टोक

चौकीसाठी मिळालेली खोली दाखवायला मॅडम मला घेऊन निघाल्या, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मी दोनदा वाकून बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती. मॅडम म्हणजे आमच्या ठाण्याच्या इन्स्पेक्टर. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण त्यांच्या नजरेतून काही निसटत नाही. "काका, पाय दुखतोय का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

खरं म्हणजे ती गल्ली मी चौदा वर्षं टाळली होती. बंदोबस्त असो, समन्स असो, त्या बाजूचं काम निघालं की मी ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचो. पण या वेळचा हुकूम लेखी होता. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

योजना नवी होती. लोक ठाण्यात येतील याची वाट बघायची नाही, पोलिसांनीच लोकांमध्ये जाऊन बसायचं, असं वरून ठरलं होतं. वस्तीवस्तीत एकेक खोली, एक टेबल, एक बाक आणि एक हवालदार. हवालदार कसला, तर ज्याची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय आणि ज्याला आता चोरामागे धावता येत नाही असला. आमच्या ठाण्यात त्या वर्णनात बसणारा मी एकटाच होतो.

खोली मशीनताईची होती. गल्ली तिला याच नावाने हाक मारायची, कारण सकाळी आठला तिच्या शिलाई मशीनचा आवाज सुरू व्हायचा तो दिवेलागणीलाच थांबायचा. मागच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. रस्त्याकडची पुढची खोली तिने आपणहून देऊ केली होती, भाडंसुद्धा नको म्हणाली होती. मधल्या दाराला कडी तिच्या बाजूने होती.

उद्घाटनाला वरचे साहेब आले, फीत कापली गेली, आणि कुणीतरी मशीनताईला दोन शब्द बोलायचा आग्रह केला. ती बोलायला तयार नव्हती. शेवटी पदर खांद्यावरून घेऊन एवढंच म्हणाली, "चौदा वर्षांपूर्वी हे पुलावरून पडले. त्या दिवशी आसपास एक जरी पोलीस असता, तर त्याने वाकून खाली बघितलं असतं. म्हणून खोली दिली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आसपास पोलीस होता. मी होतो.

तो पूल गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. खालून ओढा जातो, आणि पुलाच्या बरोबर मध्यावर आमच्या ठाण्याची हद्द संपून पलीकडच्या ठाण्याची सुरू होते. कठड्यावर तशी पांढरी रेघ मारलेली आहे. त्या दिवशी पावणेपाचला मी गस्त घालत अलीकडच्या टोकाला पोचलो, तर कठड्याला टेकून एक सायकल उभी. कुलूप नाही, जवळ माणूस नाही. बेवारस सायकल म्हटली की दोन साक्षीदार शोधा, पंचनामा करा, सायकल ढकलत ठाण्यापर्यंत न्या, तिथे पुन्हा लिहा. पाच वाजता माझी ड्युटी संपत होती आणि नवे बूट चावत होते. दोन्ही टाचांना फोड आले होते. मी सायकलचं हँडल धरलं, रेघ ओलांडली आणि पलीकडच्या टोकाला दिव्याच्या खांबाशी ती नेऊन टेकवली. शंभर पावलं असतील. आमच्यात याला 'पाहुणा वाटेला लावणं' म्हणायचे. सगळे करायचे. पलीकडचेही त्यांचे पाहुणे आमच्याकडे लावायचे आणि भेटलो की दोन्हीकडचे हसायचो.

संध्याकाळी मशीनताई नवरा घरी आला नाही म्हणून आमच्या ठाण्यात गेली. तोवर सायकल पलीकडच्यांच्या ताब्यात होती, म्हणून तिला तिकडे पाठवलं. पलीकडच्यांनी पलीकडे शोध घेतला. वस्ती पालथी घातली, त्यांच्या बाजूचा काठ बघितला. अलीकडच्या काठावर कुणी उतरलं नाही, कारण ती आमची हद्द, आणि आमच्याकडे तक्रारच नव्हती. तिसऱ्या दिवशी कपडे धुणाऱ्या एका बाईला तो सापडला. अलीकडच्या टोकाच्या बरोबर खाली, लव्हाळ्यात. पाय मोडलेला, डोक्याला मार. डॉक्टर म्हणाले, चक्कर आली असेल, कठड्यावर टेकला असेल आणि मागे तोल गेला असेल. आणि म्हणाले, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जीव होता.

गर्दी मागे सारायला त्या दिवशी मीच होतो. मशीनताई माझ्या हाताखालून वाकून पुढे गेली. पण वर्दीतला माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही, वर्दी राहते. चौकीत तिने मला पहिला चहा आणून दिला तेव्हा ती माझ्याकडे नवा माणूस म्हणूनच बघत होती.

टिकटिक पहिल्याच आठवड्यात सुरू झाली.

सायकल न चालवता नुसती हातात धरून नेली की मागच्या चाकातून जो आवाज येतो, तोच. टिक, टिक, टिक, सावकाश, चालणाऱ्याच्या पावलाच्या वेगाने. मी टेबलाशी बसलेलो असायचो, दार उघडं, बाहेर ऊन, पोरं खेळतायत, आणि आवाज उजव्या भिंतीकडून यायचा. शंभर पावलं चालायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ चालायचा आणि थांबायचा. घड्याळ बघायची गरज नव्हती, तरी मी बघायचो. पावणेपाच.

त्या उजव्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट डाग होता. "यांची सायकल तिथे असायची. हँडलची मूठ घासून घासून झालाय," मशीनताई म्हणाली होती. रंगाऱ्याने त्यावर तीनदा हात मारला. तिन्ही वेळा चार दिवसांत डाग वर आला. रंगारी म्हणाला तेलाचा डाग आहे, तो रंगाला जुमानत नाही. मी कपाट ओढून त्याच्यासमोर ठेवलं. मग टिकटिक कपाटाच्या मागून यायला लागली.

एके दिवशी मी धीर करून विचारलं, "ताई, ती सायकल अजून आहे का?"

"आहे ना. मागे आहे. बघायचीय?"

तिने मधलं दार उघडलं. सायकल चादर पांघरून उभी होती. तिने चादर काढली. साखळीला मशीनचं तेल घातलेलं होतं, रिम पुसलेली होती, टायर मात्र चपटे झाले होते. मी मागचं चाक उचलून हाताने फिरवलं. आवाज आला नाही. चाकाबरोबर साखळी फिरली आणि पेडलही फिरलं. ज्यातून टिकटिक येते ते चाकातलं फ्रीव्हील आतून गंजून घट्ट बसलं होतं. म्हणजे ही सायकल कुणी हातात धरून कितीही नेली, तरी टिकटिक करणार नव्हती.

"कशाला बघितली?" तिने विचारलं.

"सहज," मी म्हणालो.

तिकडे चौकीचं बरं चाललं होतं, आणि तेच वाईट होतं. पहिला महिनाभर कुणी फिरकलं नाही. समोरचा सलूनवाला दाढी करता करता गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगायचा, "चौकी आली म्हणजे आता चोऱ्या वाढणार. चोरांना इतके दिवस गल्लीचा पत्ता माहीत नव्हता." मग एक म्हातारी स्वतःलाच आत कोंडून बसली आणि तिच्या सुनेने मला हाक मारली. मी खिडकीच्या गजातून तासभर त्या म्हातारीशी तिच्या माहेरच्या गप्पा मारल्या, तेव्हा तिने कडी काढली. त्यानंतर लोक यायला लागले. वरच्या मजल्याची ओली धुणी खालच्या मजल्याच्या वाळलेल्या धुण्यावर गळतात. हेडमास्तरांच्या दारावर कुणीतरी खडूने गाढव काढतं. निवृत्त झाल्यावर हेडमास्तरांना एवढाच उद्योग उरला होता, त्या गाढवाचा तपास मी तीन आठवडे पुरवला. दर महिन्याला गल्लीची बैठक भरायची, मॅडम यायच्या, लोक हक्काने भांडायचे. कामावर जाणाऱ्या बायका घराच्या किल्ल्या माझ्याकडे ठेवायला लागल्या. सगळे मला काका म्हणायला लागले.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुणी माझ्याकडे किल्ली ठेवली नव्हती. ते मला आवडलं, खोटं बोलण्यात अर्थ नाही. आवडलं म्हणूनच पावणेपाच जवळ आले की मी खणातल्या किल्ल्या पुन्हा पुन्हा मोजायचो.

गल्लीत त्या प्रकरणाबद्दल काय बोलतात ते मला सलूनवाल्याकडून कळलं. माझी दाढी करत होता, वस्तरा गळ्यावर होता, त्यामुळे मला मधे बोलता येईना. "बाइंडर माणूस सज्जन होता हो," तो म्हणाला. मशीनताईचा नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. "पण पलीकडे कुठेतरी पाणी मुरत होतं. नाहीतर सायकल पलीकडच्या टोकाला आणि माणूस अलीकडच्या टोकाखाली, हे कसं? कुणाच्या तरी घरी गेला असणार. अचानक त्या घरचा माणूस आला असणार. हा सायकल तिथेच टाकून पळाला, आणि पळता पळता पडला. दुधाचे दात न पडलेलं पोरही सांगेल."

"ताईला माहीत आहे, लोक असं बोलतात ते?"

"आता गल्ली म्हटली की भिंतीला कान असतात, काका. तिने तर सगळ्यात आधी ऐकलं असेल."

त्याने टॉवेल झटकला. मी आरशात स्वतःकडे बघितलं नाही.

आणि मग घरभेटीचे फॉर्म आले. योजनेचाच भाग होता तो. हवालदाराने घरोघर जायचं, घरात कोण कोण आहे ते लिहायचं, आणि शेवटचा रकाना विचारायचा: पोलिसांकडे जुनं काही राहून गेलंय का? त्याच्या शेजारी दुसरा रकाना, केलेली कार्यवाही. तो तीस दिवसांत भरायचा असा दंडक होता. मॅडम स्वतः एकेक फॉर्म तपासायच्या.

मशीनताईचं घर मी सगळ्यात शेवटी ठेवलं. ती कापड कापत होती. मी स्टुलावर बसलो. भिंतीवर एक फ्रेम होती, पण उलटी लावलेली, मागचा पुठ्ठा दिसत होता. घरात एक माणूस, व्यवसाय शिवणकाम, हे लिहून झालं. शेवटचा रकाना मी घाईघाईने वाचला आणि पेन टोपणात घालायला लागलो.

"तक्रार नाही," ती म्हणाली. "एक प्रश्न आहे. लिहाल?"

"सांगा."

"हे पुलापलीकडे कशाला गेले होते?"

मी लिहिलं. माझं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

"त्या दिवशी दुपारी जेवून निघताना मला म्हणाले, पुलाजवळच्या दुकानातून तुझी बॉबिन केस घेतो आणि सरळ घरी येतो. दुकान पुलाच्या अलीकडे आहे. बॉबिन केस खिशात सापडली. म्हणजे दुकानात गेले होते. मग सरळ घरी का नाही आले? पलीकडे आमचं कुणी नाही. मी चौदा वर्षं विचार करतेय." ती कात्री चालवत राहिली. "पहिली दोन वर्षं मी त्यांना रोज शिव्या दिल्या, हवालदार. मेलेल्या माणसाला शिव्या देण्यात काही सुख नसतं, उलट उत्तर येत नाही. मग फोटो उलटा करून ठेवला. टाकवत नाही आणि बघवत नाही."

"बॉबिन केस?"

"ती आहे डब्यात, कागदासकट. मशीनला दुसरी आणली."

त्या दिवशी टिकटिक सुरू झाली तेव्हा मी कानांत बोटं घातली. उपयोग झाला नाही. आणि पहिल्यांदाच मला वाटलं की त्या आवाजाच्या खाली आणखी काहीतरी आहे. मी मोठ्याने खोकलो, खुर्ची सरकवली, बाहेर जाऊन पोरांवर उगाच ओरडलो.

तीस दिवसांतले सत्तावीस गेले. मॅडमनी फॉर्म समोर धरला. "काका, हा एकच रकाना रिकामा आहे. पलीकडच्या ठाण्यात जुने कागद असतील, बघून या. बाईला काहीतरी उत्तर द्यायला हवं."

मी गेलो. पलीकडच्या ठाण्यातला कारकून माझ्याच वयाचा. त्याने धूळ झटकून फाइल काढली. पंचनाम्यात लिहिलं होतं: सायकल पुलाच्या पलीकडच्या टोकास, दिव्याच्या खांबास टेकून उभी. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. कायद्याने बघितलं तर सगळं खरं होतं.

कारकून माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होता. तो हसला. "हा पाहुणा होता. आमच्या पोरांना तेव्हाच वास आला होता. पावसाने चिखल झालेला, चाकाचा माग पुलावरून सरळ तुमच्याकडून आलेला, शेजारी बुटांचे ठसे. परत लावणार होतो तुमच्याकडे, पण तेवढ्यात बाई आली रडत. मग राहून गेलं."

"कुणाचे बूट होते, शोधलं नाहीत?"

"आपल्याच माणसाचे, दुसऱ्या कुणाचे? आपलेच दात, आपलेच ओठ." त्याने फाइल मिटली. मी त्याला दोष देऊ शकलो नाही, कारण त्याच्या जागी मीही हसलो असतो.

चौकीत आलो आणि फॉर्म पुढ्यात घेतला. लिहिलं नसतं तरी चाललं असतं. 'जुनी कागदपत्रे तपासली, अधिक माहिती उपलब्ध नाही,' हे वाक्य मी नोकरीत हजार वेळा लिहिलंय. दोन वर्षांनी हार घालून घरी गेलो असतो. पण मधल्या दारामागे मशीन चालू होतं, आणि त्या आवाजाकडे पाठ करून मला ते वाक्य लिहिता येईना. आत बसलेली बाई चौदा वर्षं एका प्रामाणिक माणसाला खोटारडा समजत होती, आणि ते माझ्या टाचांना फोड आले होते म्हणून.

मी लिहिलं. 'सायकल पुलाच्या अलीकडच्या टोकाला, कठड्याला टेकून उभी होती. ती मी पलीकडे नेली. सदर इसम पुलापलीकडे गेलेच नव्हते.' खाली सही, नाव, नंबर. मग उठून मधलं दार वाजवलं.

तिने शिवणाचा चष्मा वर करून वाचलं. मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं. मी दारातच उभा होतो. रडेल, मारेल, आरडाओरडा करेल, काहीही चाललं असतं.

"हे अलीकडेच होते," ती म्हणाली.

"हो."

"सायकलचं तोंड कुठे होतं?"

हे मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. पण आठवत होतं. "घराकडे."

तिने कागद माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी मशीन पुन्हा सुरू झालं नाही. दिवेलागणीला मी कुलूप लावत होतो तेव्हा आतून एवढाच आवाज आला, भिंतीवर काहीतरी लाकडी टेकल्याचा.

मॅडमनी फॉर्म वाचला. "काका, हे एकदा माझ्या टेबलावर आलं की मला परत करता येणार नाही. चौकशी लागेल. तुमची दोन वर्षं राहिलीत." मी म्हणालो, माहीत आहे. त्यांनी शिक्का मारला. त्यांचा हात जरा जोरातच पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनताई चौकीत आली. चहा आणला नव्हता. "गल्लीची बैठक कधी आहे?"

"रविवारी."

"या वेळी पुलावर घ्या. पावणेपाचला. आणि सायकल तुम्ही आणायची."

सायकलवाल्याने टायर बदलून दिले. फ्रीव्हील खोलावं लागेल म्हणाला, ताई म्हणाली राहू द्या. रविवारी अख्खी गल्ली पुलावर आली. काय आहे ते कुणाला माहीत नव्हतं. हेडमास्तर, म्हातारी आणि तिची सून, सलूनवाला दुकान बंद करून आलेला. मॅडम साध्या कपड्यांत कडेला उभ्या. मी वर्दीत होतो. पलीकडच्या टोकाला दिव्याच्या खांबाशी मी सायकल टेकवली, खिशातून फॉर्मची नक्कल काढली आणि मोठ्याने वाचली. प्रश्नही वाचला आणि उत्तरही.

ज्यांच्या किल्ल्या माझ्या खणात होत्या त्या बायका माझ्याकडे बघत होत्या. म्हातारीने सुनेला विचारलं, "सायकल कुणी नेली म्हणाला, आपल्या काकाने?" सून म्हणाली, "हो. चूप." सलूनवाला खाली मान घालून उभा होता, आणि मशीनताई त्याच्याकडेच बघत होती. तिने त्याला एक शब्दही ऐकवला नाही. मग ती मला म्हणाली, "न्या परत. जशी आणलीत तशी."

मी हँडल धरलं आणि निघालो. ती शेजारून चालत होती, लोक मागून. चौकीत रोज ऐकलेली टिकटिक मी मनात धरून होतो, पण ती आली नाही. चाकाबरोबर पेडलं फिरत होती, एक वर, एक खाली, कुणीतरी सावकाश मारावीत तशी. एक पेडल माझ्या नडगीला लागत होतं. मी पाय बाजूला घेतला नाही. पांढरी रेघ आली आणि गेली. तिथून पुढे आवाज कसलाच नव्हता, आणि टिकटिक नसल्यामुळे तिच्या खालचं जे होतं ते मला स्वच्छ ऐकू यायला लागलं.

अलीकडच्या टोकाला मी सायकल कठड्याला टेकवली. तोंड घराकडे केलं. मशीनताईने कठड्यावर हात ठेवला आणि वाकून खाली बघितलं. लव्हाळे होते, पाणी थोडंसं होतं. लोक दहा पावलं मागे थांबले होते.

माझ्याकडे न बघता, मला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू तिने विचारलं, "तुम्ही सायकल नेत होता तेव्हा काही ऐकू आलं होतं?"

हे फॉर्ममध्ये नव्हतं. कुणाला माहीत नव्हतं, बायकोला नाही, मला स्वतःलाही मी कळू दिलं नव्हतं. नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. तिला तिचा नवरा परत मिळाला होता, आता आणखी कशाला, असंही मनात आलं. पण तिला आणखी एका खोट्याबरोबर घरी पाठवायचं माझ्याच्याने होईना.

"आलं होतं," मी म्हणालो. "मला वाटलं, खाली धुणाऱ्या बाया आहेत, एकमेकींना हाका मारतायत. तसं मी ठरवलं."

"काय म्हणाले?"

"अहो. दोनदा. आधी एकदा, आणि मी रेघेपाशी असताना एकदा."

तिने कठडा घट्ट धरला. बराच वेळ ती खाली बघत राहिली. मग सरळ झाली, माझ्या हाताला हात न लावता सायकल काढून घेतली आणि घराकडे चालायला लागली. गल्लीने दोन बाजूंना होऊन तिला वाट दिली. पेडलं फिरत होती.

चौकशी लागली, ती अजून चालू आहे. बदलीचा कागदही तयार झाला होता. तो मशीनताईने थांबवला. मॅडमच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "चौकीत हाच हवालदार राहू द्या. दुसरा नको." मॅडमनी विचारलं, का? ती म्हणाली, "याला आता ऐकू येतं."

किल्ल्या बायकांनी परत नेल्या. पुढे त्यातल्या दोघी-तिघींनी आणून ठेवल्या, बाकीच्यांनी नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. सलूनवाला माझी दाढी करतो, पण बोलत नाही. मशीनताईच्या भिंतीवरचा फोटो आता सुलटा आहे. मधलं दार उघडलं की दिसतो. जाड भुवयांचा, जरा हसरा माणूस आहे. मशीनचा आवाज थोडा बदललाय, कारण तिने ती बॉबिन केस बसवलीय.

टिकटिक त्या रविवारपासून बंद झाली. पण रोज पावणेपाचला दारापलीकडचं मशीन थांबतं. ती तिकडे बसलेली असते, मी इकडे. मग ओढ्याच्या बाजूने ती 'अहो' एकदा येते, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा येते, थोडी लांबून. मी टोपी घालतो, पुलापर्यंत चालत जातो आणि अलीकडच्या टोकाला वाकून खाली बघतो. कुणी नसतं. परत येऊन मधल्या दारावर एकदा बोट वाजवतो, म्हणजे बघून आलो. मग मशीन सुरू होतं.